व्यवस्थापक असल्याचा दाखला

…आणि वर मलाच विचारतात, "व्यवस्थापन म्हणजे काय, एका वाक्यात सांगा!" एका वाक्यात? अहो, सकाळी मी ऑफिसचं कुलूप काढायच्या आत पायऱ्यांवर माणसं बसलेली असतात, कुणाच्या घरी बाळ झालेलं, कुणाच्या घरचं माणूस गेलेलं, दोघं एकाच पायरीवर, मांडीला मांडी लावून, एक हसतोय, एक डोळे पुसतोय आणि मला उशीर झाला की दोघं मिळून मलाच शिव्या घालतात… हे एका वाक्यात कसं बसवू? तुम्ही बसवून दाखवा!

तुम्हाला सांगतो, मी जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयाचा व्यवस्थापक. म्हणजे होतो. म्हणजे… थांबा, तिथंच तर सगळी गोम आहे. आमच्या गावात माणूस आईच्या पोटातून जन्माला येतो हे ठीक आहे, पण सरकारदरबारी तो जन्माला येतो माझ्या अंगठ्यातून! हो, अंगठाच. हल्ली पेनबिन काही नाही, टेबलावर एक काळी डबी असते, तिच्यावर अंगठा ठेवायचा, ती 'टुईं' करते, की झाला तुमचा दाखला. मी अंगठा ठेवला नाही तर मेलेला माणूससुद्धा मेलेला नसतो, त्याला सरकारकडून रीतसर वाढदिवसाच्या शुभेच्छा येत राहतात. अशा माणसाला एक दिवस मोठ्या साहेबांनी बोलावलं. मोठे साहेब म्हणजे मान वर न करता बोलणारा माणूस. त्यांचा चेहरा मी फक्त निरोपसमारंभांत पाहिलाय.

"बसा. वरून आदेश आलाय," साहेब टेबलाशी बोलले. "यापुढे प्रत्येक व्यवस्थापकाने प्रशिक्षण घ्यायचं, परीक्षा द्यायची, प्रमाणित व्यवस्थापक व्हायचं. दोन संधी. दुसऱ्यांदा नापास झालात, की कॉम्प्युटर त्याच क्षणी तुमचा अंगठा बंद करणार."

मी म्हटलं, "साहेब, अख्ख्या गावाचे जन्म-मृत्यू मी सांभाळतोय. काउंटरवर चिकटलो तेव्हा डोक्यावर केस होते माझ्या. आता अजून कसलं प्रमाण पाहिजे?"

"तुमचं सगळं खरं हो," साहेब म्हणाले, "पण सर्टिफिकेट कुठाय?"

मी भीतभीत विचारलं, "मग साहेब, आपणही बसणार ना परीक्षेला?" तेव्हा मात्र मान वर झाली! "मी? मी व्यवस्थापक नाही. मी नेतृत्व आहे."

घ्या!

मग काय, गेलो प्रशिक्षण केंद्रात. आमच्या ऑफिसपासून चालत जाण्यासारखं, दोन चौक सोडून. आत शिरतो तर टेबलं गायब, खुर्च्या गोलाकार, आणि मध्ये एक तरतरीत पोरगा, आखूड पँट, कानाला माईक, चेहऱ्यावर असा उत्साह की बघूनच मला थकवा आला. त्याचं खरं नाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही, कारण दर मिनिटाला तो हवेत बोट उडवायचा आणि म्हणायचा, "पुढची स्लाइड!" तेच त्याचं नाव पडलं. पुढचीस्लाइड सर. माझ्या शेजारी सरकारी गोदामाचा व्यवस्थापक, धिप्पाड माणूस, मिशा अशा की त्या बाजूला सारून बोलावं लागत असेल. तर सरांचं पहिलं वाक्य काय? "चला, ओळख करून घेऊ या! प्रत्येकाने सांगायचं, मी प्राणी असतो तर कोणता असतो!"

अहो, पन्नाशी उलटलेली माणसं! ब्लडप्रेशरच्या गोळ्या खाऊन आलेली! गोदामवाला उभा राहिला, घसा खाकरला आणि म्हणाला, "डॉल्फिन." का? तर माहीत नाही! इतका वेळ विचार करून माणूस डॉल्फिनवर येतो म्हणजे आत काय काय दडलेलं असेल! माझी पाळी आली, मी गांगरलो, तोंडातून निघालं, "गोगलगाय." सर टाळ्या वाजवून म्हणाले, "वा! स्वतःची जाणीव!" आणि माझ्या शर्टावर एक चकचकीत चांदणी चिकटवली. मी ती चांदणी घेऊन घरी गेलो हो. बायकोने दार उघडलं, चांदणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "कोणत्या इयत्तेत घातलंय तुम्हाला?"

पण खरी गंमत… गंमत कसली, माझा जीव चालला होता… ती पुढेच. एक दिवस सर म्हणाले, "आज नाटुकलं करू. एकजण अधिकारी, एकजण नागरिक." गोदामवाला झाला अधिकारी, माझ्याच खात्याचा. मी नागरिक. आणि मला भूमिका काय दिली? वडील वारलेत, मृत्यूचा दाखला हवाय. सोपं वाटलं मला. रोज बघतो की ही माणसं! गेलो त्याच्या टेबलासमोर आणि म्हटलं, "माझे वडील गेले." गोदामवाला म्हणाला, "कशावरून?" मी म्हटलं, "अहो, मी स्वतः होतो तिथं." तो मिशीला पीळ देत म्हणाला, "ते सगळं खरं हो, पण पुरावा कुठाय?" आणि काय झालं कुणास ठाऊक, तुम्हाला सांगतो, मला एकदम माझे खरे बाबा आठवले. दवाखान्यातली ती लोखंडी खाट, त्यांचा चष्मा माझ्या खिशात… मी टेबलावर अशी मूठ आपटली की पाण्याचा ग्लास उडाला. "पुरावा म्हणजे काय? चष्मा आहे माझ्याकडे! चष्मा दाखवू?" गोदामवाला घाबरून खुर्चीवरून उठला, म्हणाला, "अहो, मी डॉल्फिन आहे, मला काही कल्पना नाही!" आणि सर? सर पुढे आले, डोळ्यांत पाणीबिणी, म्हणाले, "याला म्हणतात भावनिक बुद्धिमत्ता!" आणि दुसरी चांदणी.

मी म्हटलं, "सर, म्हणजे मी चांगला व्यवस्थापक आहे ना मग?"

ते म्हणाले, "सर, तुम्ही उत्तम आहात. सगळं खरं. पण सर्टिफिकेट…"

कळलं, कळलं!

घरी थोरलीने माझा अभ्यास घ्यायला सुरुवात केली. कॉलेजात शिकते, आणि शिकवताना तोंडात पेन धरून बोलते, अगदी तिच्या आईसारखी. म्हणजे आई लाटणं धरते. "बाबा, प्रश्न. तुमचा सहकारी रोज उशिरा येतो. अ, त्याच्याशी संवाद साधा. ब, कारणं समजून घ्या. क, त्याला प्रेरणा द्या. ड, कामाच्या वेळेचा एकत्रित आढावा घ्या."

मी म्हटलं, "झापा, हे कुठाय?"

"तसा पर्याय नाहीये."

"मग हे ऑफिस कुठलं आहे? मला तिथं बदली पाहिजे!"

"बाबा," पोरगी कपाळाला हात लावून म्हणाली, "तुम्ही खरं जे करता ते निवडू नका. तुम्ही जे कधीच करणार नाही, ते निवडा. बरोबर येईल."

आता हे ज्ञान मला वेळेवर पचलं असतं तर! पण मी मध्येच लटकलो. घरातसुद्धा तसंच बोलायला लागलो. बायको म्हणाली, "अहो, कोपऱ्यावरून कांदे आणा." मी म्हटलं, "उद्दिष्ट स्पष्ट कर. किती, कोणत्या दर्जाचे, आणि अडचण उद्भवल्यास मी कोणाशी संपर्क साधू?" ती म्हणाली, "आधी पिशवी घ्या. आणि अडचण उद्भवली तर घरी येऊच नका."

पहिली परीक्षा दिली. नापास. स्क्रीनवर लाल अक्षरं, खाली बारीक अक्षरांत 'शिकत राहा!' घरी आलो. मला वाटलं बायको हसेल. हसली असती तर परवडलं असतं हो! ती वळली स्वयंपाकघराकडे. हळूच म्हणाली, "चहा टाकते." एवढ्या वर्षांच्या संसारात ही बाई खालच्या आवाजात 'चहा टाकते' म्हणाली की समजायचं, आपण कामातून गेलो. त्या दिवसापासून माझी झोप उडाली, जेवण उडालं, ऑफिसात लोक पेढीवरच्या हिशेबनिसाकडे बघावं तसं माझ्याकडे बघायला लागले, बंद पडायला आलेल्या पेढीवरच्या! आमच्या खात्यात अंगठा गेलेल्या माणसाचं काय करतात माहितीय? काढत नाहीत. ते बरं असतं. ठेवतात! एक खुर्ची देतात, टेबल देत नाहीत. तो सकाळी येतो, पंख्याखाली बसतो, आणि जेवणाचा डबा उघडेपर्यंत डब्याकडे बघतो. मला स्वप्नं पडायची, मी बसलोय आणि डबासुद्धा माझ्याकडे बघतोय.

आणि याच गडबडीत तो बेकरीवाला आला.

आमच्या काउंटरवर एक बाई आहेत, सगळं ऑफिस त्यांना नुसतंच 'बाई' म्हणतं. बाई त्याला माझ्यासमोर घेऊन आल्या. तरणा माणूस, कोपरापर्यंत पीठ, भट्टी सोडून तसाच पळत आलेला. त्याला मुलगी झालेली, आणि कुठं झाली? रुग्णवाहिकेत! चालत्या! गावातल्या दवाखान्यातून मोठ्या दवाखान्यात नेता नेता. आता हा दवाखाना म्हणतो, आमच्याकडे झाली नाही. तो म्हणतो, आमच्याकडे आली तेव्हा झालेलीच होती. म्हणजे पोरगी आहे, रडते, दूध पिते, पण जन्मलेली नाही! आणि तिच्या हृदयाला भोक. शहरातल्या मुलांच्या दवाखान्यात ऑपरेशनसाठी खाट मिळाली होती, पण तिकडे जन्माचा दाखला मागत होते.

"साहेब, तिकडे सगळे म्हणतात, तुमचं सगळं खरं, पण…"

मी म्हटलं, "पुढचं बोलू नकोस. मला पाठ आहे."

अशा वेळी चौकशी करून व्यवस्थापकाने स्वतः नोंद करायची असते. बाईंनी चौकशी लावली, दोन्ही दवाखान्यांची उत्तरं मिळवली, राहिला फक्त रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरचा जबाब. आणि ड्रायव्हर गेलेला परगावी, पेशंट घेऊन. तो परतणार कधी? माझ्या दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी सकाळी! आणि खाट धरून ठेवणार कधीपर्यंत? त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत! बघा, माझ्या नशिबाचं व्यवस्थापन कोण करतं ते मला एकदा भेटायचंय, त्याला तरी सर्टिफिकेट आहे का विचारायचंय!

मी बाईंना म्हटलं, "जबाब आला की मला कळवा." आणि गेलो परीक्षेला. परीक्षेची खोली थंडगार, बूट बाहेर काढायचे, फोन बाहेर, घड्याळ बाहेर, माणसाने नुसतं मन घेऊन आत जायचं, आणि तेच माझ्याजवळ नव्हतं. शेजारी गोदामवाला मोजे काढून पाय चोळत बसलेला. सुरू झाली परीक्षा. मी थोरलीचा मंत्र वापरायचा ठरवला, जे कधीच करणार नाही ते निवडायचं, पण दर प्रश्नाला वाटायचं, हे तर मी करेन… हेही कदाचित करेन… आपण किती सज्जन आहोत हे नेमकं त्याच दिवशी लक्षात यायला लागलं! निम्मा पेपर झाला आणि मला पोटातून कळलं, आपण जातोय. नापास. आणि त्यातच स्क्रीनवर काय यावं?

'तुम्ही महत्त्वाच्या बैठकीत असताना एक नागरिक अत्यंत तातडीचे काम घेऊन येतो. तुम्ही काय कराल?'

तेवढ्यात खिडकीच्या काचेवर टकटक. बघतो तर बाई! बाहेरच्या व्हरांड्यात उभ्या, हातात कागद, तो काचेला चिकटवलेला, ड्रायव्हरचा जबाब. आणि त्यांच्या मागे बेकरीवाला, दोन्ही हात जोडून. काचेवर पिठाचे पंजे उमटलेले.

आता तुम्हाला सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा माझ्या डोक्यात व्यवस्थापन शिरलं. लख्ख! मी पेपर पूर्ण केला, तर 'जमा करा' दाबल्याबरोबर मी नापास, आणि त्याच क्षणी माझा अंगठा बंद. मग त्या पोरीला जन्माला कोण घालणार? दुसरा माणूस ते संध्याकाळच्या आत थोडाच नेमणार? पण मी पेपर दाबलाच नाही, उठून गेलो, तर मी नापास नाही, गैरहजर! आणि गैरहजर माणसाची नोंद कॉम्प्युटर संध्याकाळी ऑफिस बंद झाल्यावर करतो. म्हणजे संध्याकाळपर्यंत मी व्यवस्थापक! पुरा! अंगठ्यासकट!

मी उठलो. देखरेखीला एक मुलगी होती, ती धावत आली, "सर, बाहेर गेलात तर परत येता येणार नाही."

मी म्हटलं, "माहितीय."

"सर, ही तुमची शेवटची संधी आहे."

"पोरी, तेही माहितीय."

आणि तुम्हाला खोटं वाटेल, पाय हलेनात माझे. मोठं धाडस वगैरे काही नाही, नुसती भीती. ती खुर्ची दिसायला लागली, तो पंखा, तो डबा. बायकोचं 'चहा टाकते' ऐकू यायला लागलं. मी गोदामवाल्याकडे पाहिलं. त्याने स्क्रीनवरून नजर न काढता, मिशीतल्या मिशीत म्हटलं, "जा ना, मूर्खा."

पळालो! बूट शोधायलाही थांबलो नाही, मोज्यांवर! पुढे मी, मागे बाई कागद फडकावत, त्यांच्यामागे तो पिठाचा माणूस. पहिला चौक, सिग्नल लाल, ट्रॅफिकचा पोलीस शिट्टी मारतोय, "ओ काका! बूट कुठायत?" मी म्हटलं, "परीक्षेत आहेत!" दुसऱ्या चौकात मोज्याला भोक पडलं, अंगठा बाहेर. पायाचा. मी मनात म्हटलं, तू आत राहा, आज हातावरच्याचं काम आहे!

ऑफिसात पोचलो, खुर्चीत पडलो, बाईंनी स्क्रीन उघडली. जन्माचं ठिकाण? मी म्हटलं, "लिहा, चालत्या रुग्णवाहिकेत, पुलाच्या उतारावर." बाई म्हणाल्या, "पुलाचा उतार असा रकाना नाही, साहेब." मी म्हटलं, "इतर दाबा! इतर!" अंगठा ठेवला. काही नाही. पुन्हा ठेवला. काही नाही! म्हटलं, मेलो, बंद केला वाटतं! बाई शांतपणे म्हणाल्या, "घाम पुसा." शर्टाला पुसला, ठेवला… टुईं!

आहाहा! एवढा गोड आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. बेकरीवाल्याने मला मिठी मारली, मी नखशिखांत पांढरा. तो दाखला घेऊन गेला पळत, आणि मी तसाच बसून राहिलो, पाय टेबलावर, भोकातून अंगठा बाहेर. ऑफिस बंद झाल्यावर गंमत म्हणून पुन्हा डबीवर अंगठा ठेवून पाहिला. डबी गप्प. लाल दिवा. संपलं.

घरी गेलो. बायकोने माझ्या पायांकडे पाहिलं, पिठाकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, आता म्हणणार, चहा टाकते. तर ती एकदम खदाखदा हसायला लागली. इतकी, की खाली बसली. म्हणाली, "अहो, बूट तरी आणायचेत!" मीही हसलो. मग ती डोळे पुसत म्हणाली, "पोरगी वाचेल ना हो?"

वाचली. परवाच बेकरीवाला घेऊन आला होता तिला, गुटगुटीत, ओरडते अशी की हृदय ठणठणीत असल्याचा वेगळा दाखलाच नको. थोरलीने मात्र त्या प्रश्नाचं उत्तर शोधून काढलं. मी म्हटलं, "नागरिकाला आधी भेटा, हेच ना?" म्हणाली, "नाही बाबा. 'नागरिकांच्या तातडीच्या कामांसाठी कार्यपद्धती तयार करा.'" म्हणजे तोवर नागरिकाने काय करायचं? जन्म पुढे ढकलायचा?

तर मी परीक्षेतून पळालो त्याच्या दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी बोलावलं. मी मनाची तयारी करून गेलो, डबासुद्धा घेतला सोबत. साहेब टेबलाशी बोलले, "तुमच्या जागी प्रमाणित माणूस नेमलाय. ते प्रशिक्षण केंद्रातले तरुण सर. त्यांच्याकडे सर्टिफिकेट आहे." म्हणजे पुढचीस्लाइड! आता तो माझ्या खुर्चीत! रोज सकाळी फोन करतो मला, घाबऱ्या आवाजात, "सर, काउंटरवर एक आजोबा आलेत, ते म्हणतात मी मेलेलो नाही, पण रेकॉर्डवर मेलेत, काय करू?" मी म्हणतो, आधी त्यांना बसायला खुर्ची द्या. तो म्हणतो, "मग?" मी म्हणतो, मग बाईंना हाक मारा.

तर त्या दिवशी मी साहेबांना विचारलं, "आणि साहेब, मी?"

"तुमची सोय केलीय. त्या सरांची केंद्रातली जागा रिकामी झाली ना. तिथं बसा."

"प्रशिक्षण केंद्र? साहेब, मी तर परीक्षा दिलेली नाही! मला चालेल?"

"तिथं चालतं. नियम इतर खात्यांना आहे. केंद्र सर्टिफिकेट देतं, घेत नाही."

तर मंडळी, आता मी तिथं बसतो. टेबल आहे, पंखा आहे, तक्रार नाही. दर महिन्याला मोठमोठे व्यवस्थापक येतात, घाम गाळतात, पास होतात, आणि त्यांना जाडजूड कागदावर सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट मिळतं. परवा गोदामवालासुद्धा घेऊन गेला, रडत होता आनंदाने. त्या प्रत्येक सर्टिफिकेटवर, अगदी खाली, उजव्या कोपऱ्यात, सही असते माझी. ती सही दाखवली की कुठल्याही खात्यात अंगठा चालू होतो. चालते हो माझी सही, सगळीकडे चालते… मीच तेवढा चालत नाही!